साडेचार सरळ, साडेपाच वाकडी

मेळ्यात सगळे त्यांना नेमकाकी म्हणतात. मेळा म्हणजे आमचा फिरता आनंदमेळा. एखाद्या गावाच्या मैदानावर महिना-दीड महिना मुक्काम ठोकायचा, आणि लोकांना कंटाळा आला की आकाशपाळण्यापासून आरशांच्या तंबूपर्यंत सगळं ट्रकांवर चढवून पुढचं गाव गाठायचं. मी तिथला पेंटर. पाट्या रंगवतो, आणि पाट्या नसतील तेव्हा चक्रावरचे लाकडी घोडे. काकींचा फुगे फोडायचा स्टॉल माझ्या रंगाच्या डब्यांना लागूनच असतो. त्यामुळे पुढे सांगतो त्यातलं बरंचसं मी ब्रश हातात धरून पाहिलेलं आहे आणि उरलेलं काकींनी सांगितलेलं. काकी तिखटमीठ लावत नाहीत. कधीकधी वाटतं, थोडं लावायला हरकत नव्हती.

लग्नाआधी काकी गणवेश शिवायच्या कारखान्यात होत्या. त्यांचं काम काजं करायचं. बटणं लावायला दुसरी बाई होती. तिची आणि काकींची गाठ फक्त जेवणाच्या सुट्टीत पडायची. दिवसभर गळ्यापासून कमरेपर्यंत एका रेषेत काजं. त्या नोकरीने काकींना पाठदुखी दिली, आणि रेषेतून केसभर सरकलेलं काही दिसलं की अस्वस्थ होणारे डोळे दिले.

कारखान्यामागच्या मैदानावर मेळा लागला तेव्हा काकी मैत्रिणींबरोबर गेल्या. फुग्यांच्या स्टॉलवर एक अखंड बोलणारा तरुण उभा होता. त्याने बंदूक हातात दिली. काकींनी फुग्यावर नेम धरला, छर्रा शेजारी, दोन फुग्यांमधल्या फटीत गेला. पुन्हा धरला, पुन्हा फटीत. मग त्यांनी फुगा सोडून उजवीकडच्या फटीवर नेम धरला आणि फुगा फुटला. त्याच्यापुढचेही फुटले. बोलणारा तरुण गप्प झाला. मेळा हलायच्या आत त्याने काकींच्या वडिलांकडे जाऊन मागणी घातली.

"बंदूक वाकडी आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," काकी सांगतात. "माणूस सरळ असेल असं वाटलं."

हे फुगेकाका. माणूस वाईट नाही. कुणाचं मूल रडलं तर फुगा देतील. कुणाचा ट्रक रुतला तर आधी धक्का मारायला धावतील आणि मग चिखलात आपली चप्पल शोधत बसतील. फक्त धंद्याच्या बाबतीत त्यांचं मत ठाम होतं. सरळ बंदूक ठेवायची तर त्यापेक्षा बक्षिसं रस्त्यावर मांडून घरी जाऊन झोपावं, असं ते म्हणत. त्यांच्याकडे दोन बंदुका होत्या, दोन्ही साडेपाचच्या. साडेपाच म्हणजे छर्ऱ्याची जाडी, मिलिमीटरमध्ये. दुसरी सर्रास चालते ती साडेचारची. काकांना साडेपाचच पसंत. छर्रा टपोरा असतो, गिऱ्हाइकाच्या बोटांत नीट येतो, खाली पडला तर सापडतो. शिवाय जड असल्यामुळे जरा दमाने जातो. काका हे अशा आवाजात सांगायचे, जणू छर्रा वाटेत कुठेतरी घटकाभर टेकतो. आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायला असतो तो खिळ्याएवढा उंचवटा, दोन्ही बंदुकांवर काकांनी हातोडीने अलगद उजवीकडे सरकवलेली होती. नेम फुग्यावर धरावा आणि छर्रा डावीकडच्या फटीत जावा, इतपतच.

गिऱ्हाईक कुरकुरलं की काका आत हाक मारायचे, "अगं, जरा ये गं." काकी हातातलं काम ठेवून यायच्या, तीच बंदूक उचलायच्या, फटीवर नेम धरायच्या, फुगा फोडायच्या आणि आत जायच्या. बंदुकीत खोट असती तर हिचा कसा लागला असता, असं काका विचारायचे. की गिऱ्हाईक पुन्हा छर्रे मागायचं. नेमकाकी हे नाव त्यातूनच पडलं. दोघांत माशीबद्दल मात्र कधी चकार शब्द निघाला नाही. मुलगी झाली, शिकली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, तरी नाही. घरातली एखादी खुर्ची डुगडुगते आणि सगळे सवयीने तिच्यावर बेताने बसतात, तसं चाललं होतं.

मग एका मुक्कामात पहारेकरी आले. बँकेच्या दारावर उभं राहून नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ. भरघोस मिशा, ताठ पाठ. बरोबर बायको, मेहुणा आणि मेहुण्याची बायको. मेहुणा अशांपैकी, की ज्यांना समोरच्याबद्दल सतत काहीतरी सुचतं आणि सुचलेलं पोटात ठेवता येत नाही. पहारेकऱ्यांनी सगळी नोकरी खांद्याला बंदूक लावून काढली होती, आणि त्या दाराशी ती झाडायची वेळ एकदाही आली नव्हती. मेहुण्याने त्यांना आग्रह करून स्टॉलसमोर उभं केलं.

पहारेकऱ्यांनी बंदूक अशी उचलली की काकींनी आतून मान वर केली. आधी नळी जमिनीकडे, बोट घोड्यापासून लांब. मग खांदा, मग गाल, मग श्वास. पहिला छर्रा फटीत गेला. दुसरा फटीत. एकामागून एक सगळे फटीत जाऊन मागच्या गोणपाटावर पुडपुड वाजले. मेहुण्याने सुरुवातीला टाळ्या वाजवल्या. मग त्याला हसू आवरेना.

"बँक नशिबानेच वाचली म्हणायची, भाऊजी," तो म्हणाला.

पहारेकऱ्यांची बायको हसली नाही. ती पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. पहारेकऱ्यांनी काकांना एवढंच विचारलं, की ही जरा डावीकडे मारते का. काकांनी सवयीने आत हाक मारली. काकीही सवयीने आल्या, फटीवर नेम धरला, फुगा फोडला. मेहुण्याने पुन्हा टाळ्या वाजवल्या, या वेळी काकींसाठी.

पहारेकरी फुग्याकडे पाहत नव्हते, काकींच्या हातातल्या नळीकडे पाहत होते. काकींनी बंदूक टेबलावर ठेवली तेव्हा तिचं तोंड गर्दीकडे राहिलं. पहारेकऱ्यांनी ती हलकेच उचलली, तोंड गोणपाटाकडे करून पुन्हा ठेवली आणि निघून गेले.

त्या संध्याकाळी काकी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिल्या. नंतरही काकांनी हाक मारली की काकींचे हात ओले असायचे. कधी भांडी, कधी कपडे, कधी नुसतेच ओले. काकांना वाटलं वय झालं.

दोन-तीन गावं गेली आणि एका बंदुकीची स्प्रिंग तुटली. दुरुस्तीवाल्याने ती उघडून पाहिली आणि जशी उघडली तशीच परत दिली. नवी घेण्यावाचून इलाज नव्हता. म्हणून एका सकाळी दोघं शहरातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. पुढे रॅकेटी, चेंडू, पोहायचे चष्मे. मागच्या काचेच्या कपाटात बंदुका. दुकानदाराला सर्दी झाली होती. त्याने एकाच बनावटीच्या दोन बंदुका काढून शेजारी शेजारी ठेवल्या. काकांनी नीट न बघताच साडेपाचची जवळ ओढली.

"साडेचार," काकी म्हणाल्या.

काकांनी घड्याळ पाहिलं आणि अजून अकरासुद्धा वाजले नसल्याचं सांगितलं.

"वेळ नाही. बंदूक. साडेचारची."

काकांनी दुकानदाराकडे न्याय मागितला. दुकानदार नाक पुसत पुसत सांगू लागला, की दोन्हींची स्प्रिंग सारखीच. साडेचारचा छर्रा हलका, म्हणून वेगात आणि सरळ रेषेत जातो. स्पर्धावाले तोच वापरतात. साडेपाचचा जड, लवकर खाली येतो, पण लागला की जोरात लागतो. लांबवर डबे उडवणाऱ्यांना तो बरा वाटतो. शेवटी सगळं निशाण किती लांब आहे त्यावर. मग त्याने विचारलं, तुमचं निशाण किती लांब आहे? काकांनी दुकानाच्या दाराकडे बोट दाखवलं. दुकानदार शिंकला. इतक्या जवळून काहीही घ्या, म्हणाला, फुग्याला फरक कळणार नाही.

काकांना हेच हवं होतं. फरक नसेल तर साडेपाचच घ्यावी, कारण घरी साडेपाचच्या छर्ऱ्यांचे डबे पडून आहेत आणि जुन्या बंदुकीचे भागही हिला चालतील.

"म्हणूनच साडेचार," काकी म्हणाल्या. "साडेपाचची घेतली तर चार दिवसांत तुम्ही जुनी नळी हिच्यावर चढवाल. साडेचारची घेतली तर तिचा छर्रा त्या नळीतून घरंगळून खाली पडेल. ही बंदूक सरळ राहणार. हिला हातोडी लावायची नाही."

दुकानदाराने रुमाल नाकाशी नेला आणि गरजेपेक्षा बराच जास्त वेळ तिथेच ठेवला. काका पोहायच्या चष्म्यांकडे बघत राहिले. एवढ्या संसारात हातोडी हा शब्द दोघांत पहिल्यांदाच आला होता, आणि तो परक्या माणसासमोर, सकाळच्या उजेडात आला होता.

"लोक सगळं लुटून नेतील," काका हळू आवाजात म्हणाले.

"नेऊ देत."

"मग खायचं काय?"

"मी काजं करीन."

साडेचारची बंदूक घेतली. परतीच्या बसमध्ये काका एक शब्द बोलले नाहीत. काकी म्हणतात, तब्येतीची काळजी वाटावी इतके ते गप्प होते.

पुढच्या मुक्कामासाठी काकांनी पूर येणार असल्यासारखी तयारी केली. प्लॅस्टिकचे मग, कंगवे, साबणदाण्या, भिंतीवरचे आरसे, अशी बक्षिसांची पोती आणून स्टॉलच्या मागे रचली. उरलेली एक वाकडी बंदूक काकींनी चादरीत गुंडाळून खाटेखाली सरकवली. मेळा सुरू झाला. काका पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात नवी बंदूक देताना असे उभे होते, की दात काढायला आलेला माणूस बरा दिसावा.

पहिल्या गिऱ्हाइकाचा एकही छर्रा लागला नाही. दुसऱ्याचाही नाही. तिसऱ्याचा एक लागला, पण तो ज्यावर नेम धरला होता त्या फुग्याला नव्हे. लोक भलताच डोळा मिटत होते. घोडा दाबायचा सोडून ओढत होते. नेम धरताना शेजारच्याशी बोलत होते, खोकत होते, छर्रा सुटायच्या आधी फुटला का म्हणून मान वर करत होते. आठवडाभरात काकांच्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं त्यांनी हातोडी उगाच चालवली. पोती जागची हलली नाहीत.

पण भलतीच पंचाईत झाली. गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं. पूर्वी नेम चुकला की माणूस बंदुकीला शिव्या घालायचा, हसायचा आणि मित्राला म्हणायचा, तू मारून बघ. मित्राचाही चुकायचा, की दोघं मिळून काकांना शिव्या घालायचे आणि खूश होऊन पुन्हा छर्रे मागायचे. आता मित्राचा एखादा लागायचा. मग पहिला माणूस बंदूक ठेवून न बोलता निघून जायचा. बायकांना घेऊन आलेले नवरे तर लांबूनच वळून आरशांच्या तंबूत शिरू लागले. तिथे निदान सगळेच वाकडे दिसायचे.

काका "मी म्हटलं होतं" असं म्हणू शकत नव्हते, कारण त्यांनी म्हटलं होतं ते हे नव्हतंच. काकी शेजारच्या गावातल्या शिवणकामाच्या कारखान्यात चौकशी करून आल्या. तिथे आता काजं मशीन करत होतं.

वर्षभराने मेळा पुन्हा त्या पहारेकऱ्यांच्या गावात लागला. दुपारची वेळ, काकी फुगे बांधत होत्या, मी बाजूला एका घोड्याची आयाळ रंगवत होतो. पहारेकरी एकटेच आले. काकींनी त्यांना लगेच ओळखलं. फुगे तसेच टाकून त्यांनी नवी बंदूक आणली, स्वतः भरली आणि त्यांच्या हातात दिली. पैसे नकोत म्हणाल्या.

"ही सरळ आहे, भाऊ," काकी म्हणाल्या. "मागच्या वेळची वाकडी होती. मी फटीवर नेम धरला होता."

"माहीत आहे. तुमची माशी फुग्यावर नव्हतीच."

"मग बोलला का नाहीत?"

"मेहुण्याला पटलं नसतं."

त्यांनी बंदूक खांद्याला लावली. तोच गाल, तोच श्वास. काकींनी मला नंतर सांगितलं, की वर्षभर मनात दुखत होतं ते आता थांबेल असं त्यांना त्या क्षणी वाटलं. छर्रा सुटला आणि दोन रांगांच्या मधून गेला. दुसरा फुग्यांच्या फळीच्या चौकटीवर बसला. तिसऱ्याने मागच्या बल्बची काच तडकवली. सगळे छर्रे संपले, फुगे होते तेवढेच राहिले.

पहारेकऱ्यांनी बंदूक खाली ठेवली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"जुनी बंदूक आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण ती कशाला?"

"हिच्यात मी चुकलो. तिच्यात बंदूक चुकली होती."

काकींनी नवी बंदूक बाजूला सरकवली. मग आत गेल्या आणि खाटेखालची चादर ओढून वाकडी बंदूक काढली. पहारेकऱ्यांनी तिच्यानेही छर्रे मारले. एकही लागला नाही. पण जाताना ते काकांशी हवापाण्याच्या दोन गोष्टी बोलले, आणि बायकोला घेऊन येतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकींनी मला पाटी रंगवायला सांगितली. मजकूर असा: साडेचार सरळ, साडेपाच वाकडी, हवी ती मागा. काकांचं म्हणणं पडलं की 'वाकडी' हा शब्द जरा बारीक काढावा. काकींनी माझ्या हातून पट्टी घेऊन 'सरळ' आणि 'वाकडी' या दोन्ही शब्दांसाठी स्वतः रेघा आखल्या, एकाच उंचीच्या. मग काकांना एक युक्ती सुचली. वाकडीने फुटला तर बक्षीस मोठं. नवी बंदूक आल्यापासून त्यांना सुचलेली ती पहिलीच गोष्ट. काकींनी मान डोलावली. तेवढी ओळ मी पिवळ्या रंगात काढली.

लोक पाटी वाचायचे, हसायचे आणि बहुतेक जण वाकडी मागायचे. सरळ मागणारे थोडे, आणि ते आधी आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही ना हे पाहून घेत. सुरुवातीला छर्ऱ्यांची गल्लत झाली. काकांनी घाईत साडेचारचा छर्रा साडेपाचच्या बंदुकीत भरला. गिऱ्हाइकाने नळी जरा खाली केली आणि छर्रा टपकन त्याच्याच बुटावर पडला. पाटीवर वाकडी लिहिलंय, इतकी वाकडी असेल असं वाटलं नव्हतं, असं त्या गिऱ्हाइकाने शांतपणे सांगितलं. तेव्हापासून साडेचारचे छर्रे स्टीलच्या वाटीत आणि साडेपाचचे मगात असतात. तो मग बक्षिसातला. पोत्यात भरपूर होते.

मुक्काम संपत आला तेव्हा पहारेकरी बायको आणि मेहुण्याला घेऊन आले. मेहुण्याने पाटी मोठ्याने वाचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की आपल्याला सरळच द्या. पहारेकऱ्यांनी वाकडी मागितली. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. पहारेकऱ्यांचे सगळे छर्रे फटीत गेले. मेहुण्याचे कुठे गेले ते कुणाला दिसलं नाही. गोणपाटावर आवाजसुद्धा झाला नाही.

"ही वाकडी आहे," पहारेकरी बायकोला म्हणाले. "लिहिलंय तिथे."

मेहुणा पाटीकडे बघत होता. त्याला प्रथमच काही सुचत नव्हतं. पहारेकऱ्यांच्या बायकोने या वेळी पर्स उघडली नाही. ती त्या दिवशी आकाशपाळण्यातही बसली, एकटी, आणि वरून हात हलवला.

आता गिऱ्हाईक कुरकुरत नाही, त्यामुळे काकींना कुणी बाहेर बोलावत नाही. कुणी फारच आग्रह केला तर त्या विचारतात, कुठल्या बंदुकीने फोडून दाखवू? आणि सांगेल तिने फोडतात. वाकडीने फोडताना नेम कुठे धरला तेही सांगतात. तरी लोकांचा लागत नाही.

परवा सकाळी मी एका घोड्याच्या पोटाखाली बसून खूर रंगवत होतो. मेळा उघडायला वेळ होता. काका आले, इकडेतिकडे पाहिलं, मी काही त्यांना दिसलो नाही. त्यांनी साडेचारची बंदूक उचलली आणि फुग्यांसमोर उभे राहिले. इतक्या वर्षांत काकांना बंदूक चालवताना मी तरी पाहिलं नव्हतं. त्यांनी भलताच डोळा मिटला. पहिला गेला, दुसरा गेला, बरेच गेले. शेवटी कडेचा एक लहान फुगा फुटला. काका त्या आवाजाने दचकले. मागे वळले तर काकी चहाचा कप घेऊन उभ्या.

"ही पण जरा डावीकडे मारते हं," काका म्हणाले.

काकींनी कप त्यांच्या हातात दिला, बंदूक घेतली आणि नळीवरून एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं.

"हो का?" त्या म्हणाल्या. "बघते हं मी."

मग त्यांनी पदराने नळी पुसली आणि बंदूक जागेवर ठेवली. काकांनी चहा घेतला आणि बोलायला सुरुवात केली, ते पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत बोलतच होते.